'बेटर' म्हणजे नक्की किती बरं?

कागदी होडी

नमस्कार मंडळी. एका शब्दावरून गेल्या महिन्यात आमच्या घरात जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा काढतेय. शब्द अगदी साधा आहे, 'बेटर'. इंग्रजीचं पहिलं पुस्तक उघडलं की भेटतो.

झालं असं की माझे भावोजी न्यूमोनियाने आजारी पडले, दोन्ही फुप्फुसांत पसरला होता, ते राहतात परदेशात आणि तिथे ताई एकटीच त्यांच्याजवळ. पाच दिवस आम्ही इकडे नुसते फोनकडे बघत बसलेलो. सहाव्या दिवशी पहाटे तिचा मेसेज आला, नर्सने जे सांगितलं तेच तिने जसंच्या तसं टाईप केलं होतं, 'ही इज बेटर टुडे'. बास, चार शब्द, पुढे काही नाही. मी तो आईला मराठीत वाचून दाखवला, "भावोजी आज बरे आहेत". आई रडली, मग हसली, मग सगळ्यांना फोन करत सुटली की जावई बरे झाले (माझ्या तोंडच्या 'आहेत'चं तिच्या तोंडी 'झाले' झालं होतं हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही). मी दुसऱ्या दिवशी निघणार होते, ते तिकीट रद्द केलं.

दोन दिवसांनी ताईशी नीट बोलणं झालं तेव्हा कळलं की भावोजी अजून आयसीयूतच आहेत, ऑक्सिजन चालूच आहे, फक्त आधी मिनिटाला आठ लिटर लागत होता तो आता पाच लागतोय. ताई एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, बरे झाले असं मी कुठे लिहिलं होतं?" आणि खरंच तिने तसं लिहिलेलं नव्हतं. तिला वाटत होतं मी निघालेय. मी मेसेज काढून परत वाचला, चार शब्दांत 'बरे झाले' कुठेच नव्हतं, ते आम्ही घातलं होतं.

भावोजी आता घरी आलेत, जिना चढतात, त्यामुळे हे शांतपणे लिहिता येतंय. पण माझा प्रश्न खराच आहे. शाळेत आपण गुड, बेटर, बेस्ट हे चांगला, अधिक चांगला, सर्वांत चांगला असं पाठ केलं. म्हणजे माझ्या डोक्यात ती एक शिडी होती, खाली गुड, मग बेटर, वर बेस्ट. मग 'बेटर' असलेला माणूस 'गुड'च्या वर असायला हवा ना? भावोजी तर 'गुड'च्या कितीतरी खाली होते आणि तरी बेटर होते. हे कसं?

अर्धविराम

होडीताई, आधी भावोजी घरी आले हे वाचून खूप बरं वाटलं.

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय आणि ती शिडी आम्हीच मुलांच्या डोक्यात घालतो, तक्त्यात तीन खाने एकाशेजारी एक छापलेले असतात त्यामुळे ती आपोआप घातली जाते. पण 'बेटर' ही पायरी नाही, ती दिशा आहे. माणूस कुठे उभा आहे हे तो शब्द सांगत नाही, कुठल्या बाजूला सरकला एवढंच सांगतो. शंभरपैकी १२ मिळवणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी १८ मिळाले तर त्याचा पेपर बेटर झाला असं मी नक्की म्हणेन, पण गुड म्हणणार नाही. ताप १०४ वरून १०२ वर आला तर बेटर, पण माणूस अजून तापानं फणफणलेलाच आहे.

याच जातीचं दुसरं उदाहरण देतो, हे ऐकून वर्गात पोरं नेहमी थबकतात. इंग्रजीत 'ॲन ओल्ड वुमन' आणि 'ॲन ओल्डर वुमन' यातली वयानं जास्त कोण? तक्त्याप्रमाणे ओल्डर. प्रत्यक्षात 'ओल्डर वुमन' म्हटलं की साधारण पन्नाशी-साठीची बाई डोळ्यापुढे येते आणि 'ओल्ड वुमन' म्हटलं की पार थकलेली म्हातारी. म्हणजे नुसतं विशेषण जास्त जोरदार, तुलनेचं रूप सौम्य.

आता दुसरी बाजू. तुम्ही जो अर्थ घेतलात तोही इंग्रजीत आहे बरं का, शब्दकोशात तो वेगळा नोंदलेला असतो. 'यू कॅन गो बॅक टू वर्क व्हेन यू आर बेटर' यातला बेटर म्हणजे पूर्ण बरा झालेला. ओळखायची खूण सांगतो. त्याच्या आधी 'मच' किंवा 'अ लिटल' बसत असेल तर ती तुलना आहे, अजून वाट चालायची बाकी आहे. 'कम्प्लीटली' किंवा 'ऑलमोस्ट' बसत असेल तर तो पोचल्याचा बेटर. ताईंच्या मेसेजमध्ये 'टुडे' होतं, म्हणजे कालच्या मानाने आज. तो 'टुडे'च सगळं सांगत होता, पण पाच रात्री जागून काढलेल्या माणसाला तो दिसणार कसा.

कागदी होडी

'टुडे' दिसला होता हो. मी त्याचं 'आज' केलं आणि पुढे गेले.

उंबरा

मला वाटतं घोळ फक्त इंग्रजीत नाहीये, आपल्या 'बरं' मध्येही आहे आणि दोन्ही घोळ एकमेकांवर बसले. 'बरा' आला संस्कृतातल्या 'वर' वरून, वर म्हणजे उत्तम, निवडलेलं. पण वापरून वापरून आपण त्याचे किती अर्थ करून ठेवलेत बघा. 'बरा आहे' म्हणजे ठीकठाक, फार कौतुक नाही. 'बरा झाला' म्हणजे दुखणं संपलं. 'आज जरा बरं वाटतंय' म्हणजे दुखणं आहे पण उतार आहे. आणि 'त्यापेक्षा हे बरं' म्हणजे चक्क बेटर. 'ही इज बेटर टुडे' ला शब्दाला शब्द लावला तर 'आज बरे आहेत' हेच येणार, तुमचं भाषांतर चुकलं असं मी म्हणणारच नाही. फक्त 'जरा' किंवा 'कालपेक्षा' राहून गेलं.

अजून एक, मराठीत तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही. मोठा तो मोठाच राहतो, 'भावापेक्षा मोठा', 'भावाहून मोठा'. सगळं काम 'पेक्षा' आणि 'हून' करतात आणि ते त्या दुसऱ्या वस्तूला चिकटूनच येतात, म्हणजे तुलना करायची तर कशाशी ते नाव घ्यावंच लागतं, नाहीतर निदान 'आणखी', 'जास्त' असं काहीतरी जोडावं लागतं. हा 'पेक्षा' मुळात 'अपेक्षा', म्हणजे कशाकडे तरी बघून. इंग्रजीत तुलना शब्दाच्या पोटातच असते त्यामुळे 'दॅन' आणि त्याच्या पुढचं सगळं खुशाल गिळून टाकता येतं. आपण वाचताना ते गिळलेलं परत बाहेर काढायला हवं. बेटर दिसला की मनात विचारायचं, कशापेक्षा?

नदीकाठ

हे 'कशापेक्षा' आवडलं. माझाही असाच किस्सा आहे, थोडक्यात सांगते. परदेशातल्या एका सहकारी बाईंना मी 'हाऊ आर यू' विचारलं, त्या म्हणाल्या 'आय हॅव बीन बेटर'. मला वाटलं तब्येत सुधारली, मी मनापासून म्हटलं 'सो ग्लॅड टू हिअर दॅट'. त्यांचा चेहरा पडला. त्यांची आई आदल्या आठवड्यात गेली होती. 'आय हॅव बीन बेटर' म्हणजे याहून बरे दिवस बघितलेत, म्हणजे आत्ता बरं नाही. नंतर कळल्यावर मी जाऊन माफी मागितली, त्यांनी हात हातात घेतला, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

अर्धविराम

नदीकाठ, अगदी बरोबर, आणि त्याच्या उलट टोकाला 'कुडन्ट बी बेटर' आहे. ऐकायला वाटतं आता सुधारणा शक्य नाही म्हणतायत, आणि अर्थ आहे याहून उत्तम असूच शकत नाही, सगळं झकास. 'नेव्हर बेटर' पण तसंच. नकार आणि तुलना एकत्र आली की वाक्य सावकाश वाचावं. 'नो बेटर दॅन अ गेस' म्हणजे नुसता अंदाजच, त्याहून जास्त किंमत नाही त्याला.

टिपकागद

धागा वाचून राहवलं नाही, पहिल्यांदाच लिहितोय. तुम्ही सगळे आजारपणाबद्दल बोलताय, माझं बेटर ऑफिसातलं आहे. 'हॅड बेटर' चा अर्थ आम्हाला 'केलेलं बरं' असा शिकवला होता. म्हणजे मराठीत आपण किती मायेनं म्हणतो, "छत्री घेतलेली बरी". मी नवीन नोकरीत, परदेशातल्या वरिष्ठांना मेल केला, 'यू हॅड बेटर सेंड द फाईल बाय फ्रायडे'. मनात होतं की शुक्रवारपर्यंत पाठवलीत तर बरं होईल. उत्तर आलं एका ओळीचं, फाईल जोडलेली, खाली नाव नाही, थँक्स नाही काही नाही. मला आठवडाभर कळेना काय झालं. मग टीममधल्या एका सीनियर मॅडमनी बाजूला घेऊन सांगितलं की त्या वाक्याचा अर्थ "पाठवा, नाहीतर बघा" असा लागतो.

तो दोन शब्दांचा तुकडा मी प्रत्येक पुस्तकात 'सल्ला देणे' या मथळ्याखाली वाचला होता आणि कुठेच लिहिलं नव्हतं की त्यात धमकी लपलेली असते. शिकवणाऱ्यांनी हे सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

अर्धविराम

टिपकागद, मान्य. 'शुड' हा सल्ला आहे, 'हॅड बेटर' मध्ये 'नाहीतर' दडलेला असतो. 'वी हॅड बेटर लीव्ह नाऊ ऑर वी विल मिस द ट्रेन' इथे तो चपखल बसतो कारण 'नाहीतर' खरोखर समोर आहे आणि आपण स्वतःलाही त्यात धरलंय. बरोबरीच्या माणसाला, घरच्या माणसाला चालतो. वरिष्ठांना, ग्राहकांना, अनोळखी माणसाला नको. तिथे 'इट वुड बी बेटर इफ' किंवा सरळ 'कुड यू प्लीज'.

आणि त्यातला 'हॅड' भूतकाळाचा नाही हेही लक्षात ठेवा. पुढे क्रियापद साधं येतं, 'टू' लागत नाही, नकार 'बेटर' च्या लगेच पुढे, 'हॅड बेटर नॉट गो'. बोलताना तो 'हॅड' इतका बारीक होतो की ऐकूच येत नाही, 'यू बेटर गो' एवढंच राहतं. जुन्या इंग्रजीत ही रचना 'मला हे बरं असेल' अशा धर्तीची होती, म्हणजे आपल्या 'मला बरं वाटेल' सारखी, त्यात 'हॅड' नव्हताच, तो नंतर शिरला. म्हणून 'हॅड' चा अर्थ शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

पिंपळपान

कोणीतरी मूळ विचारेल म्हणून वाट बघत होतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो, मला हा शब्द फार प्रिय आहे.

गुड वरून बेटर कसा झाला? तर तो झालाच नाही. गुड हा वेगळ्या घरचा शब्द आहे, बेटर आणि बेस्ट ही सख्खी भावंडं दुसऱ्या घरची. जुन्या इंग्रजीत 'बेतेरा' आणि 'बेत्स्त' अशी रूपं होती, त्या 'बेत्स्त' मधला मधला त झिजला आणि बेस्ट राहिला. जर्मनमध्येही तेच, गुट, बेसर, बेस्ट. लॅटिनमध्ये तर तिन्ही वेगवेगळे, बोनुस, मेलिओर, ऑप्टिमुस. जे शब्द रोज हजारदा तोंडात येतात त्यांचीच रूपं अशी वाकडी राहतात कारण ती नियमाने नाही, सवयीने पाठ असतात. आपल्याकडे विशेषणांत हे नाही पण क्रियापदात आहे, 'जाणे' चा भूतकाळ 'गेला'. 'जा' आणि 'गे' चा काय संबंध असं मराठी पोर कधी विचारत नाही.

आता मजेची गोष्ट. मराठीत 'बेहत्तर' आहे ना, "प्राण गेला तरी बेहत्तर, पण शब्द मोडणार नाही". हा फारसीतून आला, 'बेहतर' म्हणजे अधिक चांगलं. बेहतर आणि बेटर, अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, कोणीही शपथेवर सांगेल की हे एकाच आईचे. पण नाहीत! इंग्रजी बेटरचं मूळ वेगळं, फारसी 'बेह' चं मूळ वेगळं, ते आपल्या संस्कृत 'वसु' च्या घराण्यातलं. ध्वनी निव्वळ योगायोगानं जुळलेत.

खरं नातं दुसरीकडे आहे. फारसीतला '-तर' आणि संस्कृतातला '-तर' (उच्चतर, लघुतर) हे एकच, आणि इंग्रजीत तो 'अदर' आणि 'व्हेदर' च्या शेपटीत अजून शिल्लक आहे. आणि 'ज्येष्ठ', 'कनिष्ठ', 'श्रेष्ठ' मधला '-इष्ठ' आणि बेस्ट, ओल्डेस्ट मधला '-एस्ट' हे सख्खे चुलत. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप आली नव्हती.

शिकवणी

पिंपळपान, माहिती सुंदर. पण धाग्यावर नवीन मुलंही वाचत असतील म्हणून एक स्पष्ट लिहिते, 'मोअर बेटर' म्हणू नका. बेटर मध्ये मोअर आधीच आहे. जोर द्यायचा तर 'मच बेटर', 'फार बेटर' (हा फार इंग्रजीतला, far), 'ईव्हन बेटर'. 'व्हेरी बेटर' पण नाही, व्हेरी गुडला लागतो. इंटरव्ह्यूमध्ये या एका चुकीवर मुलं अडकलेली मी बघितलीत आणि त्यांना येत सगळं होतं, म्हणून कळकळीने सांगतेय.

पिंपळपान

नियम मान्य, आज मुलाखतीत 'मोअर बेटर' नकोच. पण ती चूक करणाऱ्याला अडाणी ठरवू नका एवढीच विनंती. शेक्सपिअरच्या नाटकातही 'मोअर बेटर' आहे, त्या काळी जोर द्यायला दुहेरी तुलना चालायची. ती चूक ठरवली १८ व्या शतकातल्या व्याकरणकारांनी, रॉबर्ट लाउथ यांचं १७६२ सालचं व्याकरण त्यात फार वजनदार ठरलं. आणि तरी काही दुहेरी रूपं टिकलीच. 'लेसर' बघा, 'लेस' हीच तुलना, तिच्यावर परत 'अर'. 'निअर' हा मुळात तुलनेचाच शब्द होता, 'अधिक जवळ', आपण आता 'निअरर' म्हणतो. आणि तो आपला बेहत्तर! फारसीत 'बेह' चा अर्थच 'अधिक चांगलं' होता, त्यावर 'तर' चढला. म्हणजे बेहत्तर हा पक्का 'मोअर बेटर' आहे. मराठीत 'सर्वश्रेष्ठ' म्हणतोच आपण, 'श्रेष्ठ' मध्ये सर्वांत हा अर्थ असूनसुद्धा. लोकांना शब्द झिजलेला वाटला की ते त्यावर अजून एक थर देतात.

शिकवणी

हे माहीत नव्हतं. पुढच्या बॅचला चूक दुरुस्त करताना हे आधी सांगेन, मुलांचा चेहरा उतरणार नाही.

नदीकाठ

मध्येच एक प्रश्न. 'द बेटर पार्ट ऑफ द डे' चं भाषांतर एका ठिकाणी 'दिवसाचा चांगला भाग' असं वाचलं, बरोबर आहे का?

अर्धविराम

नाही. तिथे बेटर म्हणजे मोठा. दिवसाचा बराचसा भाग. आणि बघा, मराठीतही 'बरा' पासूनच 'बराच', 'बराचसा' झालाय, चांगला वरून पुष्कळवर दोन्ही भाषा आपापल्या पोचल्या. उंबरा यांना आवडेल हे.

उंबरा

आवडलं म्हणजे काय, वहीत लिहून घेतलं.

दोन काठ

मी अनुवादाचं काम करते, त्यातही रुग्णांना भरायला देतात त्या प्रश्नावल्या जास्त. होडीताईंची पोस्ट सकाळी वाचली आणि काम थांबवून जुन्या फायली उघडून बसले. त्यात एक ठराविक प्रश्न असतो, उपचारानंतर कसं वाटतं, आणि उत्तरं तीन, 'बेटर', 'द सेम', 'वर्स'. मी आजवर 'बरे वाटते', 'तसेच वाटते', 'वाईट वाटते' असं करत आलेय. आज पहिल्यांदा ते पेशंटच्या डोळ्यांनी वाचलं. ज्याला कालपेक्षा थोडा आराम आहे पण अजून उठवत नाही, तो 'बरे वाटते' वर खूण का करेल? तो 'तसेच' वर करेल, आणि त्याला औषध लागू पडतंय हे कागदावर येणारच नाही. आणि 'वाईट वाटते' तर मराठीत दुःखाला म्हणतात, तब्येतीला नाही.

होडीताई, तुम्हाला विचारायचं होतं, तुम्ही नंतर ताईंशी कसं बोलत होतात? म्हणजे गैरसमज होऊ नये म्हणून काही ठरवलं होतं का?

कागदी होडी

हो, ठरवलं होतं. तिने बेटर लिहिलं की मी लगेच एकच शब्द पाठवायचे, "कशापेक्षा?" उंबरा यांनी वर तोच शब्द लिहिलाय ते वाचून अंगावर काटा आला. मग ती आकडा पाठवायची. "कालपेक्षा. ऑक्सिजन तीन लिटर." "सकाळपेक्षा. उठून खुर्चीत बसले." "परवापेक्षा बरे, कालपेक्षा नाही, रात्री ताप होता." हा शेवटचा मेसेज वाचून मी परत तिकीट काढलं आणि गेले. आईला मी तेच आकडे सांगायचे, तिला लिटर वगैरे कळत नव्हतं पण आठ, पाच, तीन हे कळत होतं. ऑक्सिजन सुटला त्या दिवशी मी तिथेच होते. ताईने स्वतःच आईला फोन केला आणि मराठीत सांगितलं, "आई, आता बरे झाले."

दोन काठ

तीनही ओळी बदलल्या. 'आधीपेक्षा बरे', 'आधीसारखेच', 'आधीपेक्षा जास्त त्रास'. जागा थोडी जास्त लागते, खाना दोन ओळींचा करावा लागला. आज संध्याकाळी पाठवतेय.